लाल ठिपका वर

आमची थोरली जन्मली त्याच वर्षी माझ्या धाकट्या भावाची कॅसेट निघाली. आधी काय आलं, थोरली की कॅसेट, यावरून घरात अजून वाद होतो. कॅसेट आधी आली. मला पक्कं आठवतं, कारण कॅसेटींचं खोकं मी पोटाला टेकवूनच दुकानात उतरवून घेतलं होतं आणि त्यावरून ह्यांची बोलणी खाल्ली होती.

भावाला सगळे वायऱ्या म्हणत. पोरं पुढे वायरमामा म्हणू लागली. आमचं विजेच्या मोटारी भरून देण्याचं दुकान होतं. पंख्याची किंवा पंपाची जळालेली मोटर आली की हे ती उघडायचे, काळी पडलेली तार उपसून काढायचे, आणि मी हाताने फिरवायच्या दांड्याच्या यंत्रावर नवी तार गुंडाळून वेटोळी करून द्यायची. वेटोळी खाचांत बसली, बांधून झाली, की वरून लाल वार्निश. वार्निश वाळेपर्यंत मोटरला कुणी हात लावायचा नाही, हा दुकानाचा कायदा. वायऱ्या वरच्या माळ्यावर राहायचा. दिवसा आमच्याबरोबर काम, आणि कामातून सुटला की त्याच्या त्या सूर काढायच्या पेट्या. जुन्या रेडिओंचे भाग काढून त्याने त्या स्वतः जुळवल्या होत्या. जोडीला एक कीबोर्ड आणि टेपरेकॉर्डर. त्याच्या वायरी कुठूनही लोंबायच्या. माळ्याच्या फटीतून एखादी माझ्या डोक्याशी आली तर मी ती बाजूला सारून काम करायची.

त्या कॅसेटमध्ये गाणं नव्हतं. शब्द नाहीत, ठेका नाही. लांबच लांब सूर, एकाच्या पोटातून दुसरा निघणारा, आणि मधूनच रिकाम्या टाकीत कुणी कुजबुजल्यासारखं. ऐकणाऱ्यांनी नाकं मुरडली. दुकानदारांनी खोकी जशीच्या तशी परत केली. एका पेपरात दोन ओळी आल्या, त्या ह्यांनी मला वाचून दाखवल्या. ही कॅसेट लावल्यावर माणूस उठून फ्रिज बिघडलाय का ते बघून येतो, असं काहीतरी होतं. हे म्हणाले, बेअरिंग गेलंय रे तुझ्या कॅसेटचं, खाली आण, बदलून देतो. वायऱ्याही हसला. त्याला हसायला कारण लागत नसे.

आम्ही ती दुकानात लावली होती, पण एक बाजू संपतेय न संपतेय तोच कुणीतरी पंप घेऊन आलं, आणि पुढचं राहिलं ते राहिलंच. मग थोरली झाली. ती रडून घर डोक्यावर घ्यायची. मांडीवर घ्या, खांद्यावर घ्या, काही उपयोग नाही. एका दुपारी हात टेकले आणि प्लेअरमध्ये होती ती कॅसेट चालू केली. पोर गप्प झाली. थोड्या वेळाने झोपली. मला तेव्हा अक्षर येत नव्हतं, कॅसेटच्या दोन्ही बाजू मला सारख्याच. म्हणून ज्या बाजूला पोर झोपली तिच्यावर वार्निशचा एक ठिपका दिला.

पुढे घरात जेवढी पोरं झाली, तेवढी त्या कॅसेटवर झोपली. माझी तिन्ही, जावेची, नणंदेची, मग नातवंडं. कॅसेट एका घरातून दुसऱ्या घरात जायची, आणि देताना एवढंच सांगायचं, लाल ठिपका वर. बाजू संपायच्या आत पोर गाढ झोपलेलं असायचं. प्लेअर खट् करून थांबला की आम्ही टेप मागे फिरवून ठेवायचो, दुसऱ्या पोरासाठी. वायऱ्या प्रत्येक बाळाच्या वेळी प्लेअर उघडून नवा पट्टा घालून द्यायचा. म्हणायचा, “अक्का, मला जगात एवढंच गिऱ्हाईक, आणि तेही घोरतंय.”

दुसरी कॅसेट मात्र त्याने केली नाही. पेट्या मोडल्या, भाग परत लोकांच्या रेडिओंना लावले. मी एकदा विचारलं तर म्हणाला, सांगायचं ते सांगून झालं. मी तो विषय सोडून दिला. हे गेले, दुकान बंद झालं. मी साठीला टेकले तेव्हा थोरलीने मला वाचायला शिकवलं, वार्निशच्या डब्यांवरच्या अक्षरांपासून. तेव्हा कुठे मी त्या कॅसेटचं नाव वाचलं. घरात तिला सगळे झोपेची कॅसेट म्हणायचे. खरं नाव होतं ‘वार्निश वाळेपर्यंत’.

वायऱ्याची फुप्फुसं थकली तेव्हा मी त्याला माझ्या पुढच्या खोलीत आणून ठेवला. त्याच सुमारास थोरलीला फोन आला. दोघी मैत्रिणींची छोटी कंपनी होती, जुनं, मागे पडलेलं संगीत शोधून त्याच्या नव्या रेकॉर्ड काढणारी. त्यांच्याकडे कुठून तरी एक प्रत गेली होती. ही कॅसेट काळाच्या आधी आली होती, असं त्यांचं म्हणणं. परवानगी हवी होती.

वायऱ्या नको म्हणाला. पोरं झोपवायची कॅसेट म्हणून विकतील आणि मला म्हातारपणी दुसऱ्यांदा हसतील, म्हणाला. थोरलीने खूप समजावलं, तेव्हा त्याने भिंतीकडे तोंड केलं. शेवटी भिंतीलाच सांगितल्यासारखं बोलला, “अक्का म्हणेल तसं. पण तिने खरं सांगायचं. इतकी वर्षं गप्प बसली तसं नाही.”

मला ते लागलं. मी कधी गप्प बसले? स्वयंपाकघरात गेल्यावर थोरली म्हणाली, “आई, त्यांना दुसरी बाजू जास्त आवडलीय.”

“दुसरी कुठली?”

त्या कॅसेटवर वाढलेली पोर, तिनेही दुसरी बाजू ऐकली नव्हती.

दुपारी वायऱ्याचा डोळा लागल्यावर मी प्लेअर घेऊन बंद दुकानात बसले. खरं सांगायचं तर दोन्ही बाजू ऐकायला हव्यात, म्हणून आधी ठिपका वर. मी झोपले. थोरली म्हणाली, चांगली घोरत होतीस. मग ठिपका खाली केला आणि उभी राहिले.

सुरुवात तशीच, लांब सूर. मग त्याच्या खालून कर्र, कर्र असा आवाज आला आणि माझा उजवा हात आपोआप उचलला गेला. तो माझा दांडा होता. वेटोळं भरत आलं की तार ताणली जाते, आवाज जाड होतो, तसा तो होत गेला, आणि वायऱ्याचे सूर त्याच्याबरोबर चढत गेले. डोक्याशी लोंबणारी ती वायर मला आठवली. तिच्या टोकाला माइक होता तर.

मग दांडा थांबला. स्टूल सरकल्याचा आवाज आला. तेव्हा मला सहावा महिना होता, मध्येच कंबर धरून उठावं लागायचं. मी कुठे पाणी प्यायला गेले असेन, आणि तो वर एक सूर धरून थांबला होता. वाढवला नाही, बदलला नाही, नुसता धरून ठेवला. बराच वेळ. मी परत येऊन दांड्याला हात घातला तेव्हा तो पुढे निघाला.

संध्याकाळी मी त्याच्याजवळ बसले. तो म्हणाला, हं, बोल.

मी म्हटलं, पहिली बाजू झोपेची आहे, आणि त्यात वाईट काही नाही, आमची सगळी पोरं तिने सांभाळली. दुसऱ्या बाजूचा शेवटचा तुकडा उगाच लांबवलाय. तो म्हणाला, ते मलाही ठाऊक आहे. मग मी म्हटलं, “पण मी पाणी प्यायला गेले तेव्हा तू थांबलास. तिथे मला बसावं लागलं.”

“हे सांगायला एवढी वर्षं?”

“आज ऐकली.”

मी कॅसेट पुढे केली आणि ठिपका दाखवला. त्याने कॅसेट उलटीसुलटी करून पाहिली. मग हसायला लागला आणि हसता हसता खोकला लागला, मी पाठ चोळत बसले. दम सापडल्यावर म्हणाला, “मला वाटलं, तुझ्या कामाची चेष्टा केली म्हणून तू रागावलीस. म्हणून बोलत नाहीस.”

“गाढवा,” मी म्हटलं, “विचारायचं होतंस.”

“तू सांगायचं होतंस.”

दुसऱ्या दिवशी त्याने सही केली. त्या दोघी घरी आल्या तेव्हा त्याने एकच अट घातली. नव्या रेकॉर्डवर लाल ठिपका हवा, आणि तो दुसऱ्या बाजूला.

रेकॉर्ड आली तेव्हा आमच्याकडे ती वाजवायचं यंत्र नव्हतं. त्याने ती मांडीवर घेतली, ठिपक्यावरून अंगठा फिरवला आणि वाळलंय, म्हणाला.

माझा धाकटा भाऊ वायऱ्या त्याच्या पुढच्या वर्षी, थोरलीची मुलगी नोकरीला लागली त्या मार्च महिन्यात, एका मंगळवारी दुपारी वारला.