तळाचा घोट

दोन दिवस सासूबाई आणि त्यांची धाकटी बहीण, दोघींचीही पोटं बिघडली होती. चादरी धुऊन धुऊन सुनेचे हात भरून आले होते. शाळेच्या प्रयोगशाळेतल्या मदतनिसाच्या कामावरून तिने रजा काढली होती. तिने तांब्याभर पाण्यात मीठ-साखर ढवळली आणि आधी सासूबाईंचा पेला भरला, मग मावशींचा.

"वाऽ! वरचं पाणी मला आणि तळाचं सत्त्व हिला!" सासूबाई कडाडल्या.

"आई, सगळं विरघळलंय. वरचा घोट घ्या नाहीतर तळाचा, चव तीच."

"मग ते गुलाबी औषध हलवून का देतेस?"

"त्यातली पूड विरघळत नाही, हलवलं की नुसती पसरते आणि ठेवलं की खाली बसते. हे कितीही वेळ ठेवलं तरी बसणार नाही."

सासूबाईंनी चमच्याने दोन्ही पेल्यांतलं चाखलं. "दोन्ही सारखंच बेचव," असं म्हणून त्यांनी पेला रिकामा केला.

"आता तू बस गं, पेले आम्ही विसळतो," मावशी म्हणाल्या. दोघींपैकी एकही जागची हलली नाही. सून मात्र खरंच बसली.