दुसऱ्याच्या नावावरची झोप

मी झोपेचा खबऱ्या बोलतोय. दचकू नका, तुमच्याबद्दल अजून माझ्याकडे काही नाही.

मी एक यंत्र आहे. छातीवर बांधायचा पट्टा, त्यावर एक डबी, नाकाखाली लावायची बारीक नळी आणि बोटाला धरणारा चिमटा, एवढाच माझा देह. माणूस झोपला की त्याचा श्वास, नाडी आणि रक्तातला प्राणवायू मी टिपून ठेवतो आणि सकाळी सगळं डॉक्टरांपुढे ओकतो. जन्म कुठल्याशा दूरच्या कारखान्यातला, तिथलं फारसं आठवत नाही. समज आली ती गाबेस गावात, डॉक्टर सिहेम यांच्या दवाखान्यातल्या कपाटात.

तेव्हापासून मी घरोघरी झोपायला जातो आणि माणसांवरचा माझा विश्वास साफ उडालाय. "मी घोरत नाही," असं प्रत्येक जण सांगतो. ज्याच्या घोरण्याने गल्लीतलं कुत्रं भुंकायला लागतं, तोसुद्धा. एका खजूरवाल्याने मला रात्रभर खुंटीला टांगून ठेवलं आणि सकाळी शपथ घेऊन सांगितलं की अंगावरच बांधलं होतं. माझ्या नोंदीप्रमाणे तो माणूस मेलेला होता.

म्हणून तिजानी दवाखान्यात आला तेव्हा मी आधीच सावध होतो.

तिजानी गाबेसहून राजधानी ट्यूनिसला जाणारी शेअर टॅक्सी चालवायचा. हल्ली सकाळी उठल्यापासूनच त्याचं अंग जड असायचं, डोळे चुरचुरायचे. एकदा भर उन्हात त्याला गाडी चालवताना डुलकी लागली आणि गाडी रस्ता सोडून ऑलिव्हच्या बागेत शिरली. कुणाला खरचटलंही नाही, पण मागच्या सीटवरच्या बाईंनी गावभर केलं. गाडीच्या मालकाने किल्ली काढून घेतली. झोप ठीक आहे असं डॉक्टरांनी लिहून दिलं तरच ती परत मिळणार होती.

"सी तिजानी, आज रात्री घरी हे बांधून नेहमीसारखं झोपा," डॉक्टर म्हणाल्या; "सी" म्हणजे आमच्याकडचं "राव". "आणि हो, तुम्हीच बांधा."

"आणखी कोण बांधणार, डॉक्टर?" तो जरा जास्तच मोठ्याने हसला.

असं हसणं मी ओळखतो.

त्याच्या घरी नुकतंच लग्नकार्य होऊन गेलं होतं. त्याची बायको मबरूका हिच्या भाचीचं लग्न. मबरूकाच्या दोन्ही हातांवर हरकूसची काळी नक्षी होती, पार बोटांच्या टोकांपर्यंत. बायका लग्नात लावतात ती शाई, लवंगेच्या वासाची. जेवणं झाल्यावर ताटं उचलता उचलता मबरूका भिंतीला टेकली आणि तिथेच पेंगली. तिजानी तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या डोक्यात काय शिजतंय हे मला पेटीत बंद असूनही कळलं.

"मबरूका! ए मबरूका!"

"काय आहे? जागीच आहे मी."

"तुझ्यासारखी झोप अख्ख्या गाबेसमध्ये कुणाला नाही. पाठ टेकली की गेलीस. आजची रात्र हे तू बांध."

"मी? माझ्या छातीत काय शोधायचंय त्यांना?"

"काही नाही गं. तू नुसती झोप. तुझी झोप माझ्या नावावर जाईल आणि उद्या किल्ली माझ्या हातात येईल."

"लबाडा! आणि परत बागेत घातलीस गाडी तर?"

"ती काय झोप होती? डोळ्यांवर ऊन आलं होतं."

"तुझ्या डोळ्यांवर बारा महिने ऊन असतं." असं म्हणत तिने हात वर केले आणि पट्टा बांधून घेतला. किल्ली नसेल तर चूल कशी पेटणार, हे तिलाही कळत होतं. "मी घोरले तर?"

"तू? एवढ्या वर्षांत कधी ऐकलं नाही मी."

"ऐकशील कसा? माझ्या आधी तूच झोपतोस."

दिवा मालवल्यावर मी कामाला लागलो. छाती लहान, नाडी हलकी, मनगटावर बांगड्यांची किणकिण. हा कसला टॅक्सीवाला? आता सकाळी दोघांचीही लबाडी उघडी पाडतो, असं म्हणून मी टिपायला बसलो.

आणि तिचा श्वास थांबला.

आधी मला वाटलं, बाई मलाच फसवतेय. ती घोरत नव्हती, कण्हत नव्हती. श्वास येता येता नुसता थांबायचा. मी वाट बघायचो. प्राणवायू खाली खाली उतरायचा. मग ती हिसका देऊन हवा ओढायची, कूस बदलायची आणि पुन्हा तेच. रात्रभर हेच चाललं. मी खरंच घाबरलो. शेजारी तिजानी असा काही घोरत होता की मला वाचा असती तरी ती कुणाला ऐकू गेली नसती. पहाटे मबरूका उठली, डोकं दोन्ही हातांत धरून थोडी बसली आणि भाकरीचं पीठ मळायला गेली.

दवाखान्यात दोघंही आली. तिजानीने दाढी करून इस्त्रीचा सदरा घातला होता. डॉक्टरांनी नोंदी पाहिल्या आणि त्यांचा चेहरा उतरला.

"सी तिजानी, मी तुम्हाला काही लिहून देऊ शकत नाही. झोपेत तुमचा श्वास फार वेळा थांबतोय. हे असंच राहिलं तर हृदयावर बेतेल. एखाद्या रात्री श्वास परत येणारही नाही."

तिजानीचा रंग उडाला. तेवढ्यात डॉक्टरांनी मला पुसायला घेतलं. त्यांनी चिमटा उघडला, आतल्या रबरावरचा काळा डाग पाहिला, नाकाजवळ नेला आणि थबकल्या.

"लवंग?" त्या म्हणाल्या. "सी तिजानी, तुम्ही हरकूस लावता?"

"ते... घरात लग्न होतं ना, डॉक्टर."

"लग्नात पुरुष फार तर करंगळीला मेंदी लावतो. हरकूस लावलेला पुरुष मी अजून पाहिला नाही. हात दाखवा."

मबरूकाने आपले हात पदराआड घेतले. तिजानी एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होता. आता हा तिसरी थाप मारणार, अशी माझी खात्री होती. पण त्याचा चेहरा एकदम खुलला.

"म्हणजे ते माझं नाहीच! डॉक्टर, चूक झाली माझी, मी हिला बांधलं होतं. मला काही झालेलं नाही! ते सगळं हिचं आहे!"

तो हसलासुद्धा. मग आपण काय बोललो ते त्याच्या कानांत शिरलं असावं. हसू तसंच तोंडावर राहिलं आणि तो हळूच खाली बसला.

डॉक्टर मबरूकाकडे वळल्या. "मावशी, सकाळी उठल्यावर थकवा वाटतो?"

"वाटतो की. सगळ्यांनाच वाटतो."

"कधीपासून?"

"धाकट्याच्या वेळेपासून."

"धाकटा केवढा आहे?"

"आत्ताच सैन्यातून सुटून आला," मबरूका म्हणाली.



रात्री नाकावर लावून श्वास चालू ठेवणारा मुखवटा मबरूकासाठी मागवला गेला. तो राजधानीतून यायला वेळ लागणार होता. डॉक्टरांनी मला पुन्हा तिजानीच्या हवाली केलं, या वेळी चांगला दम देऊन. खुद्द त्याची झोप तपासल्याशिवाय किल्लीचं नाव काढायचं नाही.

त्या रात्री पट्टा त्याच्याच छातीवर होता. तरी मी सावध होतो. माणूस इतक्या लवकर सुधारत नाही, असा माझा अनुभव. मी त्याच्या घोरण्याची वाट बघत राहिलो, पण तो घोरलाच नाही. तो एका कुशीवर, तोंड तिच्याकडे करून पडला होता. तिचा श्वास थांबला की त्याची नाडी धावायची. तो तिच्या खांद्याला हात लावायचा, "मबरूका, श्वास घे," म्हणायचा. ती झोपेतच त्याला शिवी द्यायची आणि श्वास घ्यायची. मग कुठे त्याची नाडी खाली यायची.

"ही नोंद काही कामाची नाही," डॉक्टर दुसऱ्या दिवशी म्हणाल्या. "तुम्ही झोपलाच नाहीत."

"झोपू कसा?" तिजानी म्हणाला. "मी झोपलो तर तिचा श्वास कोण ऐकणार?"

"मग किल्ली?"

"राहू दे मालकाकडे. मुखवटा आला की झोपेन, मग काय ते तपासा."

आता मी पुन्हा कपाटात आहे. पट्टा सैल पडलाय, रबर बदललंय. उद्या कुणाच्या घरी जाईन माहीत नाही. मला बांधाल तेव्हा खोटं बोला, माझी हरकत नाही. शेवटी मला सगळं कळतंच. फक्त मला घरी नेण्याआधी एवढं करा, घरात तुमच्यानंतर झोपणाऱ्या आणि तुमच्याआधी उठणाऱ्या माणसाला विचारा, सकाळी कसं वाटतं म्हणून. आणि "सगळ्यांनाच वाटतं तसं," असं उत्तर आलं, तर त्यावर विश्वास ठेवू नका.