राहिलेला उत्तररंग

"आजी, चलिए ना. अभी शीशमहल बाकी है," हरलीन कौरने हलकेच खांद्याला हात लावला.

जयवंतीबाईंनी मान न वळवताच बोट ओठांवर ठेवलं. "संपू दे गं. कीर्तनातून मध्येच उठत नाहीत. आरती होऊ दे, मग येते."

शेजारी बसलेल्या त्यांच्या मैत्रिणीने, हिल्डाने, चर्चमध्ये मिस्सेला घेते तो स्कार्फ डोक्यावर सारखा केला. "यांच्यात आरती असते काय पन?"

"असेलच. देवाचं एवढं गोड नाव घेतल्यावर दिवा ओवाळल्याशिवाय कोण उठेल?"

वसईहून आलेली मंडळी सकाळपासून हा पंजाबातला जुना राजवाडा बघत होती. हरलीन गाईड होती. रंगवलेल्या भिंती, दरबार, तलवारी दाखवून झाल्यावर तिने सगळ्यांना चपला काढायला लावल्या, डोकी झाकायला लावली आणि या दालनात आणलं. चांदव्याखाली शिखांचा ग्रंथ उघडा होता आणि एक पांढऱ्या दाढीचे बाबा तो सुरात वाचत होते. वरच्या झरोक्यातून ऊन गालिच्यावर सांडलं होतं, आणि त्या उनात तो आवाज उदाच्या धुरासारखा संथ तरंगत होता. शब्द फारसे कळत नव्हते. पण मधूनच हरी यायचा, राम यायचा, गोबिंद यायचा. परक्या गावात माहेरचं कुणी दिसावं तसं जयवंतीबाईंना व्हायचं. बाकीची मंडळी पुढे गेली. त्या बसूनच राहिल्या.

यजमान श्रीरंगबुवा गेल्यापासून त्या कुठल्याच कीर्तनाला बसल्या नव्हत्या. बुवा दिवसा पोस्टात काम करायचे आणि संध्याकाळी वसईतल्या देवळांत कीर्तनाला उभे राहायचे. मागे पेटीवर जयवंतीबाई. एका चैत्रात, उत्तररंग ऐन रंगात आलेला असताना, बुवा वाक्याच्या मध्यावरच थांबले, छातीला हात लावून खाली बसले, ते पुन्हा उठलेच नाहीत. आख्यान तिथेच राहिलं. आरतीही झाली नाही. तेव्हापासून कुठे पेटी ऐकू आली, की आता सूर तुटेल या धास्तीने बाई रस्ता बदलायच्या. आज मात्र एक तरी शेवटपर्यंत ऐकायचंच, असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

हरलीन खाली वाकून कुजबुजली, "आजी, ये अखंड पाठ है. परसों सुबह पूरा होगा."

"परवा!" हिल्डाने तोंडावर हात दाबला. "अगो बाय, तोवर आपली गाडी वसईला पोचंल. आनि तुझं गुडघं? ते काय परवापर्यंत थांबनार?"

जयवंतीबाईंनाही हसू आलं. हसता हसताच डोळे भरले. "म्हणजे हेही अर्धंच."

त्या उठायला हात टेकणार, तेवढ्यात पाठ वाचणारा दुसरा एक तरुण आत आला. बाबांच्या अगदी जवळ बसला. त्यांच्या बोटाखालची ओळ बघून त्यांच्याबरोबरच वाचू लागला. थोडा वेळ दोन आवाज एकाच शब्दावरून चालले. मग बाबांचा आवाज हळूच मागे सरला. त्यांनी माथा टेकला आणि ते उठून गेले. ओळ चालूच होती.

"दमले की असंच करतात?" जयवंतीबाईंनी हरलीनला विचारलं.

"हां जी. पहले साथ-साथ पढ़ते हैं, फिर पहलेवाला उठता है."

जयवंतीबाईंनी कपाळ गालिच्याला टेकवलं. बराच वेळ.

बाहेर पायरीवर मोजे चढवता चढवता हिल्डा म्हणाली, "जया, रागवू नको. त्या दिवशी मी देवळाच्या कट्ट्यावर होते. श्रीरंगभाऊ थांबले तवा तो राजाचा पोरगा रानात डोळं मिटून बसलेला. देव समोर उभा. त्याचं पुढं काय झालं?"

"तुला ठाऊक नाही?"

"कुठनं असनार? आमचे फादर थोडीच सांगनार!"

"मग एवढे दिवस विचारलं नाहीस ती?"

"कसं विचारू गं?"

जयवंतीबाईंनी एका पायात चप्पल सरकवली; दुसरी तशीच राहिली.

"देव म्हणाले, बाळा, डोळे उघड. पण ते कशाला उघडतंय? त्याला आतच देव दिसत होता. मग देवाने काय केलं..." त्यांचा आवाज अडखळला. "त्याच्या आतली मूर्तीच काढून घेतली."

"काढून घेतली? पाच वर्षांच्या लेकराची?"

"हो गं. घाबरलं ते. आत सगळा अंधार. हरवला, माझा देव हरवला, म्हणून त्याने डोळे उघडले..."

"आनि?"

असं बसून सांगता येईना. जयवंतीबाई उभ्या राहिल्या. एक पाय चपलेत, एक तापल्या दगडावर. पदर खोचला आणि बुवांच्या चालीत पद उचललं. आवाज कापत होता, वर जाताना विरत होता, पण तुटत नव्हता.

फाटकातून दुसरी मंडळी येत होती. हरलीनने त्यांना हातानेच तिथे थांबवलं.

"आणि बाहेर," जयवंतीबाई म्हणाल्या, "अगदी समोर..."

त्यांचा उजवा हात वर गेला, कीर्तनकाराचा जातो तसा.