राखीला सांगायचं वाक्य

पूनमसिंग गेला तो तिकडे फ्रान्सात, गाडीच्या अपघातात. पण त्याला अग्नी दिला तो फुलसावंगीजवळच्या तांड्यात, आईच्या, सोनीबाईच्या डोळ्यांदेखत. त्याची फ्रेंच बायको क्लेर त्याला घेऊन आली आणि एकटीच परत गेली. सहा वर्षांच्या राखीला तिनं एवढंच सांगितलं होतं, की पापा आजीकडे गेलेत. खोटं तरी कसं म्हणावं? पण दर रविवारी व्हिडिओ कॉलवर पोरगी ‘पापांना दे’ म्हणून हट्ट धरायची आणि सोनीबाई रेंज नसल्याचं निमित्त करून फोन ठेवायची.

क्लेरचा काही धीर होत नव्हता. शेवटी सोनीबाईनंच तिला कळवलं, की पोरीला मी सांगते. अशी बातमी थोरल्या बाईनं स्वतःच्या तोंडानं सांगायची, हीच तिच्या घरची रीत.

गावातली पायल नागपूरला फ्रेंच शिकून आलेली. रविवारी तीच दुभाषी व्हायची. तिनं वाक्य निवडून दिलं, ‘पापा न रव्हियँद्रा पा’. लिहायला अक्षरं ढीगभर आणि बोलताना निम्मी गिळायची. असली उधळी भाषा सोनीबाईनं जन्मात पाहिली नव्हती. पायलनं मधल्या अवघड शब्दाचे तीन घास केले: र, व्हियँ, द्रा. सोनीबाई चुलीपाशी, कापूस वेचताना, तेच घोळवत राहिली. हळूहळू जीभ वळली. मग तिनं पायलला पुढ्यात बसवलं.

“आता अर्थ तोडून सांग मले. समजल्याबिगर मी नातीले काही बोलणार नाही.”

अर्थाचे तुकडे वेगळ्या जागी पडतात, असं पायलनं सांगितलं. ‘र’ म्हणजे परत. ‘व्हियँद्रा’ म्हणजे येतील. आणि नाही म्हणायचं ते शेवटच्या ‘पा’नं.

त्यानंतर मात्र जीभ जड झाली. ‘परत येतील’ इथवर सोनीबाई सरळ जायची आणि तिथंच थांबायची. तिथं थांबणं तिला बरं वाटायचं, खरं सांगायचं तर. मी बोलू का, असं पायलनं विचारून पाहिलं.

“पोरगं माह्यं होतं, पोरी. सांगनंबी माह्यंच.”

रविवारी राखी पडद्यावर आली. मागे क्लेर बसली होती. राखीनं नेहमीप्रमाणे पापांना मागितलं. सोनीबाईनं सबंध वाक्य म्हटलं, कुठंही न अडखळता.

राखी हसली. आजीचे उच्चार दुरुस्त करणं हा तिचा आवडता खेळ. असं नाही, असं म्हण, म्हणत ती शाळेत शिकवतात तशी एकेका तुकड्याला टाळी देऊ लागली.

“पा. पा. न. र. व्हियँ. द्रा.”

पुढची टाळी वाजली नाही. हात तसेच राहिले. तिनं वळून आईकडे पाहिलं. क्लेरनं मान खाली घातली होती.

फोन ठेवून द्यावा, असं सोनीबाईच्या मनात आलं. पण पोरगी आता तिच्याच तोंडाकडे बघत होती, डोळ्याची पापणी न हलवता.

“पा,” सोनीबाई म्हणाली.