गुळगुळीत कोपरा

मावशी कशालाही "छान" म्हणाली की भाचीला ते टोचायचं. पूर्वी हीच मावशी प्रश्न विचारून विचारून समोरच्याला भंडावून सोडायची. डॉक्टरांनी तर एकदा तिच्यापुढे चक्क हात जोडले होते. मग तिची दृष्टी गेली आणि तिच्याबरोबर प्रश्नही गेले. जेवण छान, हवा छान, तू आलीस तेही छान. घरचे म्हणायचे, किती शांत झाली आहे. भाचीला ती शांतता सोसवत नव्हती. तिला मावशीच्या तोंडून एक, निदान एक तरी आगाऊ प्रश्न ऐकायचा होता.

भाची विज्ञान केंद्रात नोकरीला होती. अवकाश दुर्बिणीने टिपलेली छायाचित्रं लोकांपर्यंत पोहोचवायची, हे तिचं काम. या वेळी तिने हट्टाने एक छायाचित्र बोटांनी बघता येईल असं करून घेतलं होतं. जिथे उजेड तिथे उंचवटा, जिथे अंधार तिथे सपाट. टेबलाएवढ्या पांढऱ्या फळीवर दोन दीर्घिका होत्या, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखेच ताऱ्यांचे दोन अफाट थवे, एकमेकींत गुंतलेले. प्रदर्शन उघडायच्या आधी ती मावशीला तिथे घेऊन आली. माझं काम बघायला चल, एवढंच सांगितलं. खरं कारण मनातच ठेवलं.

मावशीने दोन्ही हात फळीवर ठेवले, वळणांवरून बोटं सावकाश फिरवली.

"छान आहे गं," ती म्हणाली.

भाचीचा चेहरा पडला. तो मावशीला दिसत नाही, एवढंच काय ते बरं होतं. पण उजव्या कोपऱ्यात मावशीची बोटं थबकली. तिथली फळी अगदी गुळगुळीत होती.

"इथे काय आहे, ठमे?"

भाची इतकी हरखली की विचार न करताच बोलून गेली, "तिथे? तिथे काही नाही."

"बरं." मावशीने हात काढून मांडीवर ठेवले.

भाचीने जीभ चावली. कारण तिथे पुष्कळ काही होतं. मूळ छायाचित्रात तो कोपरा बारीक ठिपक्यांनी गच्च भरला होता. बोटांना खडबड लागेल, लोकांचा गोंधळ उडेल, म्हणून फळी करवून घेताना तिनेच ते पुसून टाकले होते. तिच्या कामात याला साफसफाई म्हणतात, आणि ती करताना कुणाला काही वाटत नाही.

"मावशी, मी खोटं बोलले. तिथे ठिपके होते, मीच काढले. हाताला कचरा वाटला असता."

"कुणाच्या हाताला?"

भाचीची नजर मावशीच्या मांडीवरच्या हातांकडे गेली.

"काय पडलं गं, म्हटलं की काही नाही. कोण आलं होतं, तर कुणी नाही. दृष्टी गेल्यापासून हेच ऐकतेय मी," मावशी म्हणाली. "मग विचारायचं तरी कशाला?"

भाचीला आपलीच लाज वाटली. तिने फळी पुन्हा करायला टाकली. एवढे बारीक दाणे कोण चाचपणार, म्हणून कारागीर कुरकुरला, पण ती हटली नाही.

नवी फळी आली तशी मावशीही आली. तिचं बोट थेट उजव्या कोपऱ्यात गेलं आणि एका दाण्यावर टेकलं.

"हा काय?"

"ही पण दीर्घिकाच. त्या दोघींसारखीच, फक्त फार लांब."

"आणि हा शेजारचा?"

"ती पण."

"सगळ्याच?"

"जवळजवळ सगळ्याच."

मावशीने त्या कोपऱ्यावरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. मग तिने जे सुरू केलं ते थांबेचना. यांना नावं कोण ठेवतं? तिथलं कुणी आपल्यालाही असंच चाचपत बसलं असेल का? आणि या दोन दाण्यांच्या मधे खरंच काही नाही, की तू पुन्हा झाडू मारलास? भाचीला येत होती ती उत्तरं तिने दिली. बाकीच्या प्रश्नांना ती "माहीत नाही" म्हणत गेली, आणि इतक्या आनंदाने ती हे कधीच म्हणाली नव्हती. दारात रखवालदार किल्ल्या वाजवू लागला.

"मग, छान आहे ना?" भाचीने मुद्दाम विचारलं.

"छान कसलं डोंबलाचं. आज झोप यायची नाही मला," मावशी बोट न उचलता म्हणाली. "त्याला म्हणावं थांब जरा. डावा कोपरा राहिलाय अजून."