बातमी सांगण्याची रीत

अंडाशयाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रिया पुढे किती आणि कशा जगतात, याचा अभ्यास आमच्या बिश्केकच्या रुग्णालयात चालू होता. ‘तुम्हाला आता कसे वाटते?’ या प्रश्नाची उत्तरे नवरे आणि दीर देत. कारण आपल्याला कर्करोग आहे हे त्या स्त्रियांना कोणी सांगितलेच नव्हते. निष्कर्ष उत्तम येत होते. दीरांची प्रकृती ठणठणीत होती.

भूगोलाची शिक्षिका झूराकान हिलाही ‘पाण्याची गाठ काढली’ असेच सांगण्यात आले होते. केमोथेरपी तातडीने सुरू झाली नसती, तर शस्त्रक्रिया व्यर्थ गेली असती. पण ती विधवा. निर्णय थोरले दीर शार्शेनबेक यांच्या हाती.

“केस गळतील, डॉक्टरबाई. मग तिला काय सांगू?”

“खरं सांगा.”

“खऱ्यानं माणूस खचतं.”

“आणि कर्करोगानं?”

“फार शिकलात, त्याचा हा त्रास.”

विभागप्रमुख जोल्दोशेव सरांची चिंता निराळी होती. “एकीला सांगितलंत, तर बाकीच्याही विचारू लागतील. अभ्यास बिघडेल, बाई.”

तिच्या संमतीवाचून मी औषध देणार नाही आणि विलंबाची जबाबदारी सरांची राहील, असे मी बजावले. जबाबदारी या शब्दाचा आमच्याकडे औषधाहून लवकर गुण येतो. दोघे तयार झाले. मात्र सांगायचे ते रीतीने, वडीलधाऱ्यांनी मिळून.

आम्ही तिघे आत गेलो. दीरांनी पांढरी कल्पाक टोपी डोक्यावर नीट बसवली. सर मान खाली घालून बसले. मी दार लोटले.

“झूराकान, मन घट्ट कर,” दीर म्हणाले. “माणसाच्या हातात काही नसतं.”

या थाटात, याच शब्दांत आम्ही किर्गिझ लोक एकच बातमी सांगतो: मृत्यूची. हे मला आधी सुचायला हवे होते. तिचा एकुलता मुलगा एर्मेक मॉस्कोत इमारतींच्या परांच्यांवर कामाला होता.

तिने स्वतःच्या गालांत नखे रुतवली आणि एर्मेकच्या नावाने विलाप सुरू केला. शेजारच्या खाटांवरच्या दोघींनी, कोण गेले हे न विचारता, सूर मिळवला.

“अहो, एर्मेक जिवंत आहे,” मी म्हणाले. कोणी ऐकेना. सरांनी डोळे पुसले. कोणीतरी गेले असावे असे त्यांनाही वाटू लागले होते.

मी एर्मेकला फोन लावून तिच्या कानाशी धरला.

“आई, जेवलीस का?” तो म्हणाला.

ती थांबली. त्याच्याशी दोन शब्द बोलली. मग दीरांकडे वळली.

“मग मेलं कोण?”

“कोणी नाही. तुझी ती गाठ... कर्करोगाची होती.”

“आणि हे तुम्हाला कधीपासून माहीत?”

“तू खचली असतीस, पोरी.”

“आत्ता माझा मुलगा मारलात, दादा. त्यानं नाही खचले मी?”

दीरांनी टोपी काढून हातात घेतली.

“औषध आहे का?” तिने मला विचारले.

“आहे. खात्री नाही, पण आशा आहे.”

“उद्या सुरू करा. आणि या दोघांना बाहेर न्या.”

ते गेल्यावर तिने माझा हात धरला आणि आता, आवाज न करता, स्वतःसाठी रडू लागली. तेवढ्यात दार किलकिले झाले.

“बाई,” सर कुजबुजले, “रुग्णानं बातमी धीरानं घेतली, असं नोंदवू ना?”

मी मोकळ्या हाताने दार लावून घेतले.