सासूबाईंची जागा

लुबोवा कोणाकडेही बघायचा तेव्हा त्याची नजर आधी तोंडाकडे जायची नाही, कमरेकडे जायची. त्यात वाईट काही नव्हतं. तो होडीवाला होता. समोरचा माणूस साधारण किती किलोचा आणि त्याला होडीत कुठे बसवायचं, हे त्याला माणूस होडीत चढायच्या आत ठरवावं लागायचं. पण हे बायकांना कोण समजावणार?

"मी काय केळ्यांचा घड आहे का रे?" त्या खेकसायच्या.

"नाही ताई," लुबोवा शांतपणे म्हणायचा. "घड मधेच उठून उभा राहत नाही."

कसेन्यीच्या किनाऱ्यापासून सरोवरातलं बुकासा बेट तीन तासांवर. लुबोवाच्या होडीचं नाव 'हळूहळू', आणि ते तिला शोभायचं. एवढ्याच लांबीच्या दुसऱ्या होडीत पस्तीस माणसं कोंबत, हा बावीस घ्यायचा. जाडी माणसं मध्ये, तळाशी. साखरेची पोती त्यांच्या पायाशी, दोरीने आवळलेली. सगळ्यांच्या अंगात नारिंगी जाकिटं. आणि पाणी व होडीचा काठ यांच्यामध्ये स्वतः मोजलेल्या दोन विती. दोन विती भरल्या नाहीत तर तो कोणाला तरी खाली उतरवायचा, मग तो पाद्री का असेना. एकदा खरंच पाद्रीच होता.

हे वेड त्याला उगाच लागलेलं नव्हतं. एकोणीस वर्षांचा असताना तो एका होडीत होता, ती बुडाली. वादळ नव्हतं, लख्ख ऊन होतं. उजवीकडून एक गार लाट आत आली, उजवीकडच्या बायका भिजल्या, किंचाळून एकदम उठल्या आणि डावीकडे सरकल्या. बस्स. तिघं परत आले नाहीत. लोक अजून सरोवराला दोष देतात, पण सरोवराने काहीच केलं नव्हतं हे लुबोवाने डोळ्यांनी पाहिलं होतं.

असा हा चोख माणूस. त्याची एकच दुखरी नस होती, आणि ती म्हणजे सासूबाई.

सासूबाईंना सगळा किनारा नालोंगो म्हणायचा, जुळ्यांची आई म्हणून. अंगाने भरभक्कम, आवाज त्याहून भक्कम. दर गुरुवारी त्या ॲल्युमिनियमची पातेली घेऊन बुकासाच्या बाजारात जायच्या. लुबोवाच्या लग्नाआधी त्या त्याच्याच होडीतून जायच्या आणि जागेवरून त्याच्याशी कडाकडा भांडायच्या. मग लुबोवाने त्यांच्या धाकट्या मुलीशी, नासोलोशी, लग्न केलं, आणि भांडण कायमचं मिटलं. जावयाने सासूच्या जवळ जायचं नाही, तिच्याशी सरळ बोलायचं नाही, तिच्या बाजूला बसायचं तर नाहीच नाही. नाहीतर हात थरथरण्याचा रोग जडतो, हे त्या किनाऱ्यावर सगळेच मानतात, अगदी दवाखान्यातली नर्ससुद्धा. तेव्हा वर्षभरापासून नालोंगो मुसिसीच्या होडीतून जायला लागल्या होत्या.

मुसिसीच्या होडीचं नाव 'देव सांभाळेल'. आणि खरोखर, सांभाळायचं सगळं काम मुसिसीने देवावरच टाकलेलं होतं.

"अख्ख्या बेटाच्या आया तुमच्या होडीत," नासोलो नवऱ्याला दर बुधवारी जेवताना ऐकवायची. "माझी तेवढी त्या चाळणीत."

"मी काय करू? तिला मी हाक तरी मारू शकतो का?"

"तेच म्हणते मी. सगळ्या जगाला जागा दाखवता. माझ्या आईला दाखवायची वेळ आली की मात्र तोंड शिवलेलं."

त्या गुरुवारी लुबोवाने बघितलं, तर मुसिसीच्या होडीत चाळीस डोकी झालेली, आणि काठ पाण्यापासून फक्त चार बोटं वर. दोन हमाल नालोंगोंना खांद्यावर घ्यायला वाकले होते. कसेन्यीला होडी वाळूला लागत नाही, उतारू हमालांच्या खांद्यावरून चढतात. नालोंगोंना एका हमालाचा खांदा पुरत नसे, म्हणून त्यांना दुप्पट मजुरी पडायची आणि दर वेळी त्या घासाघीस करायच्या. आत्ताही तेच चाललं होतं, आणि लुबोवाला तेवढाच वेळ मिळाला.

त्याने होडीतलं पाणी उपसणाऱ्या म्हाताऱ्या कसिर्येला ढकललं. "जा. त्यांना म्हणावं, आज आमच्या होडीतून चला."

कसिर्ये गुडघाभर पाण्यातून गेला आणि घसा खाकरून म्हणाला, "नालोंगो, जावईबापू म्हणतात, आज आमच्याकडे."

"कसिर्ये, त्याला म्हणावं, डोकं ठिकाणावर आहे का? मी आणि तो, एका लाकडात? लोक काय म्हणतील?"

कसिर्ये परत आला. "डोक्याची चौकशी करतायत."

"त्यांना म्हणावं, त्या अगदी पुढे टोकाला बसतील, मी मागे इंजिनापाशी. मध्ये बावीस माणसं. आणि मध्ये पडदा लावतो. ताडपत्रीचा."

कसिर्ये पुन्हा गेला. नालोंगोंनी एकवार मुसिसीच्या होडीच्या काठाकडे बघितलं. तीस वर्षं सरोवर ओलांडणाऱ्या बाईला चार बोटं कळत नाहीत असं थोडंच आहे? "पडदा जाड आहे ना?" त्यांनी विचारलं. "आरपार दिसणारा नको."

"आणखी एक सहज मावली असती," मुसिसी हळहळला. पण नालोंगो हमालांसकट वळल्या होत्या.

अशी ती वरात 'हळूहळू'त चढली. लुबोवाला इतका आनंद झाला की तो आयुष्यात पहिल्यांदा गाढवासारखा वागला. होडीतलं सगळ्यात जड माणूस त्याने स्वतःच्या हाताने टोकाला, उंच फळीवर बसवलं. त्यांच्यापाशी त्यांच्या पातेल्यांची चवड. मध्ये दोन बांबू उभे करून ताडपत्री ताणली. नालोंगोंनी जाकीट घालायला नकार दिला, कारण त्यांच्या गोमेसी झग्याची खांद्यावरची ताठ टोकं चुरगळली असती. कोणा दुसऱ्या बाईला लुबोवाने त्याच क्षणी उतरवलं असतं. इथे तो म्हणाला, "कसिर्ये, त्यांना म्हणावं, मांडीवर ठेवलं तरी चालेल."

उतारूंनी एकमेकांकडे बघितलं.

"अरे वा," एक कोळीण म्हणाली. "मला परवा टोपी काढायला लावलीस, वारा धरते म्हणून. आणि हे काय, पडदा की शीड?"

"पडदा," लुबोवा म्हणाला आणि त्याने इंजिन चालू केलं. काठाच्या वितीही त्याने मोजल्या होत्या, पण मागच्या बाजूला. पुढच्या बाजूला मोजायचं तर सासूबाईंच्या जवळ जावं लागलं असतं.

पहिला तास मजेत गेला. ताडपत्रीच्या पलीकडून नालोंगोंचा आवाज येत होता. टोकावरून सगळं कसं छान दिसतं आणि इतकी वर्षं हा मुलगा आपल्याला तळाशी का कोंबत होता, हे त्या लोकांना विचारत होत्या. लोक हसत होते. लुबोवाही हसला. पण होडीचं नाक प्रत्येक लाटेत जरा जास्तच खाली जाऊन जरा उशिराच वर येत होतं, हे त्याला सुकाणूच्या दांड्यातून कळत होतं. तो स्वतःला समजावत होता, की आज पाणी शांत आहे, चालेल. असं तो त्याआधी कधीच म्हणालेला नव्हता.

दुसऱ्या तासाला डावीकडून तिरका वारा सुटला. ताडपत्री फुगली, बांबू करकरले आणि होडी उजवीकडे कलली ती कललीच. त्याच वेळी नाकाने एक लाट खाल्ली. पडद्यापलीकडून धपकन आवाज आला आणि नालोंगोंचं बोलणं मध्येच तुटलं.

उजवीकडचे लोक भिजले होते आणि गुडघे सरळ करायला लागले होते.

"उठू नका!" तो ओरडला. "कसिर्ये! त्यांना म्हणावं, कृपा करून मागे सरका!"

कसिर्येच्या दोन्ही हातांत उपसायचा डबा होता. त्याने निरोप पुढच्या माणसाला दिला, त्याने त्याच्या पुढच्याला. सासूबाईंचा मान राखायचा म्हणून प्रत्येकाने त्यात थोडी अदब घातली. निरोप पडद्यापर्यंत पोचला तोवर तो असा झाला होता : "नालोंगो, जावईबापू हात जोडून विनवतात, की आपल्याला फार त्रास होणार नसेल तर आपण किंचित मागे येण्याचं मनावर घ्यावं." तेवढ्यात दुसरी लाट आत आली. मग त्याच वाटेने, तेवढ्याच अदबीने, उत्तर परत आलं : "त्या म्हणतात, मागे म्हणजे किती मागे? मागे तर ते बसलेत."

तळाशी पाणी पोटरीला लागलं. होडी कलली की ते सगळं पाणी त्याच बाजूला धावत होतं आणि तिला आणखी कलवत होतं. लुबोवाला ते लख्ख ऊन आठवलं, त्या किंचाळ्या आठवल्या. तिथेही त्या बायकांना कोणी वेळेवर 'बसा' म्हणालं नव्हतं. त्याला भयंकर लाज वाटली, आणि लाजेपेक्षा भीती जास्त वाटली.

"कसिर्ये, पडदा काप!"

"अरे, पण पलीकडे..."

"काप म्हणतो ना!"

म्हाताऱ्याने मासे कापायची सुरी काढली आणि दोऱ्या सपासप तोडल्या. ताडपत्री उडून पाण्यात गेली. होडी दचकून सरळ झाली. आणि वर्षभरात पहिल्यांदा जावई आणि सासू यांची समोरासमोर नजर भिडली. नालोंगो डोक्यापासून पायापर्यंत निथळत होत्या. डोक्याचा फडका गळ्यात आला होता.

"नालोंगो!" लुबोवा घसा फाडून ओरडला. बावीस माणसांनी श्वास रोखला. "जाकीट घाला! खाली बसा! बुड तळाला लावा आणि सरकत मागे या! इथे, माझ्या पायांपाशी! उभं राहायचं नाही! बाकी कोणी हलायचं नाही, त्या जातील तेवढे पाय आवळा!"



मग नालोंगोंनी जाकिटात हात घातले. गोमेसीची टोकं चुरगळली. त्या फळीवरून तळाच्या पाण्यात धपकन बसल्या, आणि साखरेच्या पोत्यांवरून, लोकांच्या गुडघ्यांमधून, एका कोंबडीला चेपत, सरकत सरकत मागे आल्या. वाटेत त्यांनी कोणाकडेच बघितलं नाही. लुबोवाच्या पायांपासून वीतभरावर त्या त्याच्याकडे पाठ करून बसल्या. होडीचं नाक उचललं गेलं. पुढची लाट खालून गेली.

"पातेली," नालोंगो समोर बघत म्हणाल्या. "पातेली वाटा सगळ्यांना. बघत काय बसलात? उपसा!"

नवी कोरी पातेली हातोहात फिरली आणि बावीस माणसं बसल्या बसल्या पाणी उपसायला लागली. पुढचा तासभर कोणी एक विनोद केला नाही. हे त्या होडीत फार क्वचित घडतं.

मुसिसी वारा बघून अर्ध्या वाटेतून परत फिरला होता, हे नंतर कळलं. किनारा दिसताच त्याची चाळीस माणसं आनंदाने एकाच बाजूला उठली, आणि होडी तिथेच कलंडली. पाणी छातीपर्यंतच होतं म्हणून सगळे चालत बाहेर आले. साखर तेवढी सरोवराने प्यायली. मुसिसी म्हणतो, बघा, देवाने सांभाळलंच की नाही.

बुकासाला उतरल्यावर नालोंगो तडक मुलीच्या घरी गेल्या. लुबोवाने होडी ओढली, इंजिन झाकलं, दोऱ्या तीनदा गुंडाळल्या आणि एकदा सोडून पुन्हा गुंडाळल्या. शेवटी घरी जाण्यावाचून इलाज राहिला नाही. तो रिवाजाप्रमाणे आत गेला नाही. परसातल्या कुडाच्या भिंतीला पाठ टेकून बसला. आत चुलीपाशी नासोलो आईच्या अंगाला कोरडं कापड लपेटत होती. सगळं ऐकू येत होतं.

लुबोवाला आपला संसार संपल्यासारखा वाटत होता. त्याने सासूबाईंचं नाव घेऊन त्यांच्यावर आरडाओरडा केला होता, त्यांना चारचौघांत बुडावर सरकवलं होतं, आपल्या पायांशी बसवलं होतं. आता त्या मुलीला परत घेऊन गेल्या, तर कोणत्या तोंडाने अडवायचं?

"आई, खाऊन घे गं थोडं," नासोलो म्हणाली.

"नको. आधी तुझ्या नवऱ्याला निरोप दे. तो भिंतीमागे बसलाय, खोकतोय मघापासून. त्याला म्हणावं, मी त्याच्यावर रागावलेय. भयंकर रागावलेय."

"ओरडले म्हणून?" नासोलोने विचारलं.

"उशिरा ओरडला म्हणून!" नालोंगो म्हणाल्या, आणि मग इतका वेळ भक्कम राहिलेला त्यांचा आवाज फुटला. "टोकाला बसवलं मला, गाढवाने. मी मोठी, मला वाटलं मान मिळतोय. त्याला तर कळत होतं ना? सगळ्या बायकांना कमरेकडे बघून बसवतो, मग माझ्याच वेळी डोळे का मिटले?"

भिंतीमागे लुबोवाने चेहरा दोन्ही हातांत धरला.

"आणि त्याला म्हणावं," नालोंगो नाक पुसत पुढे म्हणाल्या, "येत्या गुरुवारी माझी जागा मध्ये, तळाशी. ताडपत्रीची नाटकं नकोत. मी तोंड फिरवून बसेन, तेवढा पडदा पुरे. आता वाढ मला, आणि त्यालाही बाहेर पान दे."